‘इत्यादी’मधील माणसे

वाचकहो, अनुवादकाच्या लेखणीला काही शब्द फार सोयीचे असतात. ‘इत्यादी’ हा त्यांतलाच एक. नावांची यादी लांबली, जागा अपुरी पडू लागली, की हा तीन अक्षरी शब्द मदतीला धावून येतो. गेली दहा वर्षे मी त्याचा निर्धास्तपणे उपयोग करीत आले. गेल्या हिवाळ्यात मात्र याच शब्दाने मला खाली मान घालावयास लावली. ती हकीकत आपणांस सांगावी, म्हणून हा प्रपंच.

दिल्लीत जुन्या मोटारगाड्यांच्या षोकिनांचे एक लहानसे मंडळ आहे. मी त्याची सभासद झाले ती षोकापोटी नव्हे, अडचणीपोटी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्यामागे १९७० सालची एक फियाट ठेवली. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ही गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती. आम्हां भावंडांचे सारे बालपण तिच्या मागच्या बाकावर गेले. पुढे दिल्ली परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालविण्यास मनाई झाली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. अण्णा गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, आता भंगारात देऊन टाकू.” त्याचे काही चुकले नव्हते. पण माझ्याने ते होईना.

अशा वेळी या मंडळातील माणसे भेटली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्या वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी अशी गाडी काढावयाची नाही, प्रदर्शन वा मिरवणुकीसाठी तेवढी काढता येते. हे सारे मला एका निवृत्त गृहस्थांनी समजावून सांगितले. अर्ज भरण्यासाठी ते माझ्याबरोबर दोन दिवस हिंडले आणि चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

जुन्या गाड्यांचे हे वेड दिल्लीला नवे नाही. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली येथे जुन्या मोटारींची मिरवणूक सुरू केली. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील १९१४ सालचा आगीचा बंबही अशा मिरवणुकीत डौलाने चाललेला दिल्लीकरांनी पाहिला आहे. पाहणाऱ्याची नजर पितळी दिव्यांवर आणि रंगावर जाते. पण गाडीमागे दोरखंड, पाणी व पेट्रोलचे डबे घेऊन येणारी, चौकाचौकांत वाट दाखविणारी, पहाटे थंडीत मैदानावर चुन्याच्या रेघा आखणारी माणसे कोणाला दिसतात?

मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्याच्या आधी कार्यवाहांनी मला बोलावून म्हटले, “आपण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या. यंदाचे आभाराचे भाषण आपणच लिहून द्या.” त्यांनी सत्तावीस स्वयंसेवकांची नावे दिली. मी संपादकीय सवयीने कात्री चालविली. अकरा नावे ठेवली आणि पुढे ‘इत्यादी’ लिहून मोकळी झाले. खोडलेल्या नावांत एका मिस्त्रींचे नाव होते. माझ्या गाडीचे इंजिन त्यांनीच उघडून बांधले होते. पण त्याची मजुरी मी चोख दिली होती. मग स्वयंसेवकांत त्यांचे नाव कशाला, असे माझ्या मनात आले.

मेळाव्याच्या दिवशी अण्णांची फियाट ट्रकवर चढवून मैदानात आणली. इंजिन सुरू करून दाखवावयाचे होते, आणि ते काही केल्या सुरू होईना. माझ्या सत्तर वर्षांच्या आईला मुद्दाम बोलावून घेतले होते. ती शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती. तिकडे व्यासपीठावर आभाराचे भाषण सुरू झाले. माझीच वाक्ये माझ्या कानांवर येत होती. इकडे उस्तादजी, मंडळात सारे त्यांना उस्तादजीच म्हणतात, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून काँटॅक्ट पॉइंट पॉलिशपेपरने घाशीत होते. बोटे थंडीने आखडली होती. रविवारी त्यांचे दुकान बंद असते. त्या दिवशीची मजुरी त्यांनी कधीच कोणाकडून घेतलेली नाही, हे मला शेजारी बॅटरी धरून उभ्या असलेल्या मुलाने सांगितले.

व्यासपीठावरून “इत्यादी” हा शब्द आला आणि टाळ्या झाल्या. उस्तादजींनीही काळे हात एकमेकांवर आपटून टाळ्या वाजविल्या आणि पुन्हा खाली वाकले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांचे पूर्ण नाव मी प्रथम त्या यादीतच वाचले होते, आणि मीच ते खोडले होते.

थोड्या वेळाने इंजिन घरघरले. आई उठून आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली आणि इतकेच म्हणाली, “ह्यांच्या वेळी असाच आवाज यायचा.” मी उस्तादजींना माझी चूक सांगितली. ते हसून म्हणाले, “बेटी, गाडी चल पडी ना? बस.”

पण तेवढ्याने माझे समाधान होणे शक्य नव्हते. कार्यवाहांची परवानगी घेऊन मी व्यासपीठावर गेले, चूक माझी असल्याचे सांगितले आणि राहिलेली सोळा नावे वाचली. त्यांत चहा करणारी बाई होती, रात्री मैदानाची राखण करणारा चौकीदार होता. शेवटचे नाव उस्तादजींचे होते. सोळा नावे वाचावयास एक मिनिटही लागले नाही.

वाचकहो, आपल्या घरीही मंगलकार्ये होतात, गावात उत्सव होतात, आभाराच्या याद्या तयार होतात. वर्ष सरताना अशी यादी आपल्या हाती आली, तर ‘इत्यादी’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा. मोबदला घेऊन काम करणारा माणूस मोबदल्यापलीकडेही काही देत असतो. तो हिशेब पावतीवर मांडला जात नाही. निदान त्याचे नाव तरी पुरते उच्चारावे, एवढे आपल्या हाती असते.