मयसभेत मुक्काम

लास व्हेगासच्या ‘व्हेनेशियन’ हॉटेलच्या लॉबीत शिरलं की पाय आपोआप वर उचलला जातो. संगमरवराचे फिकट-गडद तुकडे फरशीत असे जोडलेत, की चौकोनी ठोकळे रचून ठेवल्याचा भास व्हावा. माझ्यापुढे बॅग ओढत चाललेली एक बाई थबकली, बुटाच्या टोकाने जमीन चाचपली आणि मगच पुढे गेली. हसायला कुणी द्रौपदी नव्हती, एवढंच. वर खोलीत उलटी तऱ्हा. तिथे पायऱ्या अगदी खऱ्या. बैठकीची जागा पलंगापेक्षा खाली, आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला त्या नेमक्या दिसत नाहीत.

व्यासांनी मयसभा इंद्रप्रस्थात ठेवली, द्यूतसभा हस्तिनापुरात. इथे दोन्ही एकाच छपराखाली आहेत.

दुसऱ्या मजल्यावर चक्क कालवा आहे. वाळवंटात, आणि तोही जिना चढून गेल्यावर. गोंडोलावाला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून वल्हं मारतो. होडी खरी पुढे नेते ती विजेची मोटर. वर रंगवलेलं आकाश. रात्री अकराला जा की सकाळी न्याहारीनंतर जा, तिथे कायम दिवेलागणीची वेळ. हे सगळं हास्यास्पद आहे असं ठरवूनच मी कठड्याशी उभा होतो. तेवढ्यात एक होडी पुलाखाली गेली आणि गोंडोलावाल्याने सूर लावला. कमानीखाली तो आवाज असा घुमला की दुकानांतून पिशव्या घेऊन निघालेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. मीही राहिलो. गळा तर खराच होता.

नकलेला नाकं मुरडण्याआधी मूळ व्हेनिसकडेही जरा पाहावं. सेंट मार्क चौकातला तो प्रसिद्ध घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला. आज तिथे उभा आहे तो १९१२ साली पुन्हा बांधून काढलेला, होता तसा, होता तिथेच. म्हणजे व्हेगासचा मनोरा ही नकलेची नक्कल. व्हेनिसच्या त्या चौकातल्या चर्चच्या दर्शनी भागावर दिसणारे घोडेही प्रतिकृती आहेत. अस्सल घोडे आत जपून ठेवलेत, आणि तेही तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टॅन्टिनोपलहून लुटून आणलेले. खऱ्या शहराच्या जुन्या भागात आता पन्नास हजारही माणसं उरलेली नाहीत, आणि २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत एका दिवसापुरतं येणाऱ्याला तिथे प्रवेशशुल्क भरावं लागतं. इथे आत यायला कुणी काही मागत नाही. मागायची गरजच काय! तळमजल्यावर कॅसिनो आहे ना.

हे हॉटेल १९९९ साली उघडलं. त्याआधी या जागेवर जुनं ‘सँड्स’ होतं, ते १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आठवणी जपण्याचा सोस या गावाला नाही.

तळमजल्यावर घड्याळ नाही, खिडकी नाही. सिगारेटचा धूर आणि त्यावर फवारलेला गोडसर सुगंध. कर्मचारी बदलायची वेळ झाली की टेबलावरची मुलगी दोन्ही तळवे छताकडे उलटसुलट करून दाखवते, आणि जाते. वरचे कॅमेरे तिच्यावरही असतात.

माझी भाची विमा कंपनीत जोखमीची गणितं मांडते. तिने मला बाजूला घेतलं. “मामा, खेळ तुझा तू, पण त्या तिसऱ्या शून्याच्या टेबलावर बसू नकोस.” रूलेटच्या चक्रावर छत्तीस आकडे, आणि आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. युरोपात शून्य एक, अमेरिकेत दोन. तिसरं शून्य पहिल्यांदा आलं ते २०१६ साली, याच हॉटेलात. देणं मात्र पस्तीसच. एका शून्याला मालकाचा सरासरी वाटा शेकडा २.७० पडतो, दोनांना ५.२६, तिनांना ७.६९. शकुनीला फासे तरी आपल्या हाताने टाकावे लागत होते. इथे लबाडी कुठेच नाही. तिन्ही शून्यं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरतात, आणि टेबल भरलेलं असतं.

संध्याकाळी, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संध्याकाळी, आम्ही रस्ता ओलांडून ‘सीझर्स पॅलेस’कडे गेलो. तिथे रोमन पुतळ्यांच्या गर्दीत चक्क ब्रह्मदेव बसलाय! बँकॉकच्या प्रसिद्ध ब्रह्मदेवाची ही प्रतिकृती १९८४ पासून तिथे आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं बोटांवर मोजण्याइतकी, पुष्करचं सोडलं तर पटकन नावही आठवत नाही. इथे मात्र पुढ्यात फुलं, फळं, उदबत्त्या. टाळीभर अंतरावर मशिनांचा खणखणाट. ब्रह्मलिखित टळत नाही म्हणतात, आणि माणसं ते खोडून घ्यायला त्याच्याच दारात उभी.

मी काही बोलायच्या आत, आकड्यांवर पोट भरणाऱ्या माझ्या भाचीने बूट काढले आणि चारही तोंडांना हात जोडत एक प्रदक्षिणा घालून आली.

“काय मागितलंस?”

“काही नाही रे मामा. फक्त ते तिसरं शून्य तेवढं काढून टाक म्हटलं.”