सव्वा किलोची चकती

जिम लावल्यावर पहिले दोन-तीन महिने जोश आणावा लागत नाही, तो आपोआप असतो. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी हाडांसाठी वजनं उचलायला सांगितली आणि सांगलीत घराजवळच्याच जिममध्ये मी जाऊ लागले. मोकळा बारच २० किलोचा. गणपतीत तो उचलताना हात थरथरत होते, दिवाळीपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या चढल्या. या दिवसांत दंड फारसे भरत नाहीत. एकाच वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला मज्जासंस्था शिकते, म्हणून ताकद झपाट्याने वाढते. पुढे स्नायू स्वतः वाढायचे असतात आणि ते काम फार सावकाश चालतं.

माझी डेडलिफ्ट ५० किलोवर अडली ती अडलीच. आरशात फरक दिसेना, वहीतला आकडा हलेना. जानेवारीत माणसांनी भरलेली जिम शिमग्यापर्यंत ओस का पडते, ते तेव्हा समजलं. मोठ्या आवाजातली गाणी आणि मोबाइलवरचे स्फूर्तीचे व्हिडिओ अशा वेळी आठवडाभरसुद्धा पुरत नाहीत.

आमचे सर म्हणाले, “ताई, थोडे दिवस आकडा सोडा. बार कुठून जातोय ते बघा.”

मी बघू लागले आणि त्यातच गुंतले. बार नडगीला लागून वर यायला हवा. दोन बोटं जरी पुढे गेला तरी कंबरेवर ताण वाढतो. उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट चहूबाजूंनी घट्ट करायचं. काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र धरावं तसे दंड अंगाशी दाबायचे. मग हातांनी ओढायच्या आधी पायांनी जमीन खाली रेटायची. हे सगळं एकाच वेळी जमलं की तेच ५० किलो अलगद सुटतात, चकत्यांचा खडखडाटही होत नाही. वहीत वजनापुढे मी एकेक ओळ लिहू लागले: ‘टाचा सुटल्या.’ ‘झोप कमी, तरी बार हलका.’ ‘चौथ्या वेळी श्वास आधीच सोडला.’ वजन तेच असलं तरी रोजची ओळ वेगळी असायची आणि ती काय असेल, या उत्सुकतेने मी सकाळी घराबाहेर पडायचे.

मग सरांनी लहान चकत्या काढल्या. सव्वा सव्वा किलोच्या दोन लावल्या की अडीच किलो वाढतात. तेही जड गेलं तेव्हा अर्ध्या किलोच्या लावल्या, म्हणजे एकूण एक किलोची वाढ. एका किलोची किंमत सांगलीकरांना वेगळी सांगायला नको. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण गेलं २४९ किलोंना. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यासाठी पुन्हा बारपाशी आला. त्याचा मला फार अभिमान वाटतो.

सोबतीचंही मोल मोठं आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या वेळेला येतात. गोळाफेकीसाठी त्यांना ताकद हवी असते. “काकू, आज किती?” असं त्यांनी विचारलं की दांडी मारावीशी वाटत नाही. दर काही आठवड्यांनी मी मुद्दाम वजन कमी करते, तेव्हा ती आधी चकित व्हायची. स्नायू आणि सांध्यांना उसंत मिळाली की पुढच्या आठवड्यात बार वेगळाच उठतो, हे त्यांनी आता स्वतःवर आजमावून पाहिलंय.

सध्या मी बार गुडघ्याखाली क्षणभर थांबवून मग वर नेते. वजन कमी असूनही हा प्रकार कठीण आहे. त्या थांब्यात माझा डावा खांदा किंचित पुढे झुकतो, असं सरांनी दाखवलं. या आठवड्यात मी त्याच्याच मागे लागले आहे.