फरशीची मांडणी

भंडारदऱ्याच्या आमच्या घरातली शहाबादी फरशी गेल्या उन्हाळ्यात काढली, तेव्हा अखंड निघालेल्या फरश्या तीन मापांच्या होत्या: दोन बाय दोन फुटांच्या अठरा, दोन बाय एकच्या सोळा आणि एक बाय एकच्या सोळा. बारा बाय दहाच्या स्वयंपाकघराचा हिशेब नेमका जुळत होता; सांध्यांपुरती कडेला छाट द्यायची, एवढेच. मी चौकटीच्या कागदावर आराखडा केला. मोठ्या फरश्या एका भिंतीलगत तीन ओळींत, उरलेल्या पलीकडे. मोठ्यांपैकी एक आईच्या पाट्याखाली झिजून खोलगट झाली होती. ती कपाटाखालच्या कोपऱ्यात. लेखात न बसणारा मजकूर मी असाच तळटीपेत ढकलतो.

गवंडीमामांनी कागद पाहिला. "सर, यात दहा ठिकाणी चार-चार कोपरे एकत्र येतात. पातळी जरा चुकली की पायाला ठेच लागणार."

माल न कालवता त्यांनी फरश्या नुसत्याच मांडून पाहिल्या. मोठीला लागून लहान, सांध्यासमोर सांधा नाही. दगडी बांधकामातला हा जुनाच नियम. 1926 साली पूर्ण झालेले इथले धरणही दगडीच.

खोलगट फरशी हातात घेऊन ते म्हणाले, "ही कुठली होती?" मी खिडकीखालची जागा दाखवली. त्यांनी ती तिथेच ठेवली आणि भोवती लहान फरश्या लावल्या. लहान फरशी उतार धरते, मोठी अडून राहते.

माझ्या कागदावर सगळी मापे होती. हा प्रश्न मात्र नव्हता.