आठवीत किती, दहावीत किती?

दहावीचा निकाल लागला की आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण जायला वेळ लागणार!) चौकाचौकात फ्लेक्स झळकतात. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. खाली चार-पाच मुलींचे फोटो, आणि वर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो. मुलीसाठी शाळा शोधणारे आईबाप ते फ्लेक्स वाचतात आणि तिथेच मनात शाळा ठरवून टाकतात.

मी जन्मभर मास्तरकी केली. त्यामुळे असा फ्लेक्स पाहिला की मला एकच प्रश्न पडतो. शंभर टक्के, पण कितींपैकी?

समजा, आठवीत चाळीस मुली आल्या. दहावीच्या परीक्षेला त्यांतल्या पंचवीस बसल्या आणि पंचवीसही पास झाल्या. फ्लेक्सवर शंभर टक्के आलं. उरलेल्या पंधरा कुठे गेल्या? त्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही. त्यातही एक जुनी युक्ती आहे. नववीत कच्ची वाटणारी मुलगी असेल तर तिच्या पालकांना बोलावून गोड बोलून सांगायचं, हिला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळेचा निकाल शाबूत! अशा शाळा मी जवळून पाहिल्या आहेत. नावं घेत नाही. पण सतरा नंबरच्या फॉर्मवर गेलेल्या मुली पुस्तक कमी आणि लाटणं जास्त हातात धरतात, हेही पाहिलं आहे.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे 'सरकारी हायस्कूल' म्हणतात ते बहुतेक वेळा सरकारचं नसतं. गावात जिल्हा परिषदेची शाळा असते, ती कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. पुढची माध्यमिक शाळा एखाद्या शिक्षणसंस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून. म्हणून तिला अनुदानित म्हणायचं. अशा शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही. मग पैशाचा प्रश्न मिटला, असं वाटेल. पण बघा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. सरकारची मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. पोषण आहारही आठवीपर्यंत. नववीच्या उंबरठ्यावर कायदा, पुस्तकं आणि खिचडी तिन्ही एकदम मुलीचा हात सोडतात. त्याच वयात घरी स्थळांची चौकशी सुरू होते. कायद्याने अठरा पूर्ण हवीत, पण कायदा स्वयंपाकघरात येऊन बसत नाही ना!

म्हणून मी म्हणते, जी शाळा मुलीला दहावीच्या परीक्षेपर्यंत धरून ठेवते ती चांगली. टक्के नंतर.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझी थोरली बहीण, आमची आक्का, हुशारीत माझ्यापेक्षा सरस होती. सातवीला तिने केंद्रात वरचा नंबर काढला. पण पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात होती. वडील वाईट नव्हते, धाकात होते. "पावसाळ्यात नदीला पाणी असतं, पोरीच्या जातीला एकटं कसं पाठवायचं?" एवढ्यावर विषय संपला. मी चार वर्षांनी धाकटी. मला नगरला मामांकडे ठेवलं म्हणून मी अकरावीची एसएससी झाले (तेव्हा अकरावीलाच असे), पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले आणि शिक्षिका झाले. आक्काचं सगळं शिक्षण एका नदीने अडवलं. तिने म्हातारपणी माझी शाळेची जुनी मासिकं मागून घेऊन वाचली. तिचं बोट ओळीखालून हळूहळू सरकायचं, ते मला अजून दिसतं.

खरं तर आपल्या नगरला मुलींच्या शाळेचं नवल नसावं. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये वारल्या तोवर मुलींच्या शिक्षणाचं काम करत राहिल्या. जोतीरावांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले, असं चरित्रकार सांगतात. मग १८४८ मध्ये पुण्याला भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. म्हणजे भिडेवाड्याची एक वाट आमच्या नगरहून जाते. आणि तरी शंभर-सव्वाशे वर्षांनी आक्का नदीशी अडली!

असो. यंदाची गोष्ट सांगते. माझा पुतण्या शेवगाव तालुक्यात शेती करतो. त्याच्या मुलीची सातवी झाली. दोन शाळा समोर. एक शेजारच्या गावची, मुलामुलींची एकत्र, तीन किलोमीटरवर. दुसरी तालुक्याच्या गावी, फक्त मुलींची कन्याशाळा, अकरा किलोमीटरवर. पुतण्याला कन्याशाळा हवी होती. "आत्या, तिथं सगळ्या पोरीच. काळजी नाही." सूनबाईंचं म्हणणं दुसरं. "आत्या, दिवसाचे दोन तास एसटीत आन् स्टँडवर जातील. घरी येऊन पोर जेवंल का झोपंल, अभ्यास कधी करील?" पण जवळच्या शाळेची तिलाही धास्ती होतीच. दिवाळीच्या सुमाराला त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस डोक्यावर गेलेला असतो, आणि थंडीत शाळा सुटून चालत घरी यायचं तर अंधार गाठतो. २०१६ साली आपल्याच जिल्ह्यात कोपर्डीला जे घडलं, ते इथली कुठलीही आई विसरलेली नाही.

मी म्हटलं, आधी जाऊन बघू. आणि नातीलाही बरोबर घेऊ. जिला शाळेत जायचं तिलाच घरी ठेवून शाळा ठरवणारे लोक मला कधीच कळले नाहीत.

दोन्हीकडे मी तेच विचारलं. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर मुली किती होत्या आणि यंदा दहावीला किती बसल्या? गणित आणि विज्ञानाची जागा भरलेली आहे का, की कुणीतरी सांभाळून घेतंय? शाळेत शिक्षिका किती? सखी सावित्री समिती आहे का? (२०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी.) तिची बैठक शेवटची कधी झाली?

कन्याशाळेची इमारत छान, बाई बोलायलाही छान. पण आकड्याचं विचारल्यावर "निकाल बघा ना, बाई" यापुढे गाडी गेली नाही. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढायला लावलं. सगळ्या मुली दहावीला पोचल्या नव्हत्या, हे त्यांनी लपवलं नाही. गळालेल्या एकेकीचं नाव घेऊन सांगितलं. हिचं लग्न झालं, आम्ही घरी जाऊन आलो पण ऐकलं नाही. या दोघी ऊसतोडीला आईबापांबरोबर गेल्या, एक परत आली. हिची मामाच्या गावी बदली, दाखला तिकडे पाठवलाय. गेलेली मुलगी कुठे आहे हे ज्याला माहीत आहे, तो असलेल्या मुलीकडेही बघत असणार, असं माझ्या मनाने घेतलं.

नात मधेच उठून गेली आणि येऊन माझ्या कानात म्हणाली, "आजी, कडी आहे, पण पाणी नाही." मुली शाळा का बुडवतात हे समजायला हे एक वाक्य पुरेसं आहे, निदान बायकांना तरी. मुख्याध्यापकांनी ते ऐकलं. मोटर जळाली आहे, सोमवारपर्यंत होईल, म्हणाले. आम्ही मंगळवारी मुद्दाम पुन्हा गेलो. पाणी होतं.

राहिला रस्ता. सूनबाईंनीच वस्तीवरच्या आणखी तीन आयांना गाठलं. चौघी मुली सायकलवर एकत्र जाणार, एकत्र येणार. थंडीचे दोन महिने लांबच्या मुलींना शेवटच्या खेळाच्या तासाला सोडायचं शाळेने कबूल केलं. पुतण्या थोडा कुरकुरला, मग सायकल घ्यायला स्वतःच शेवगावला गेला.

याचा अर्थ कन्याशाळा वाईट, असा काढू नका. जिथे एकत्र शाळेत पाठवायला घरचे तयारच नाहीत, तिथे कन्याशाळेमुळेच मुली मॅट्रिक झाल्या, हे मी पाहिलं आहे. आणि लांबची शाळा एसटीच्या वाटेवर असेल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे, आणि अहिल्याबाई आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या! तसंच पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांनी मुलीला कोपीवर नेण्याआधी हंगामी वसतिगृहाची आणि २०२१ पासूनच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी जरूर करावी. सहा महिने बुडलेली मुलगी त्याच वर्गात परत बसायला लाजते, आणि ती लाज पुढे लग्नाच्या कामी येते.

आमच्या नात्यातल्या मंडळींना, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा सातवी-आठवीच्या मुली आहेत त्यांना, एवढंच सांगणं. फ्लेक्स वाचून परत फिरू नका. ऑफिसात जा आणि विचारा, आठवीत किती आणि दहावीत किती? विचारायला लाजू नका, तुमचाच हक्क आहे. तुमच्याकडच्या शाळेने काय उत्तर दिलं, ते मला जरूर कळवा. रजिस्टर उघडलं की विषय बदलला, तेही लिहा.