जवळची वाट

नागपुरात नव्याने आलेला मनुष्य महाल भागात एखादे घर शोधू लागला, की तो हमरस्ता धरतो. तेथेच लहानाचा मोठा झालेला मुलगा मात्र दोन बोळ ओलांडून त्याच्या आधी त्या दारात उभा असतो. ठिकाण एकच, वाटा निराळ्या.

संगणकावरही अशा दोन वाटा असतात. पडद्याच्या माथ्यावरील यादीतून हवी ती आज्ञा शोधून निवडणे, हा हमरस्ता. कळफलकावरील एकदोन कळा दाबून तीच आज्ञा देणे, ही जवळची वाट. कंट्रोल या कळीबरोबर एक्स दाबला की मजकूर कापला जातो, सी दाबला की त्याची नक्कल घेतली जाते आणि व्ही दाबला की ती हव्या त्या जागी चिकटते. या तिन्ही कळा खालच्या ओळीत शेजारी शेजारी असल्यामुळे त्या एका हाताने सहज साधतात.

परंतु सर्वांचे हात सारखे नसतात. सिव्हिल लाइन्स भागातील एका लहानशा खोलीत दोन टंकलेखक एकाच संगणकावर पाळीपाळीने अर्ज टंकित करून देत. त्यांपैकी वयस्क गृहस्थांची उमेद टंकयंत्रावर गेली होती. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टंकयंत्रे बनवण्यास प्रारंभ केला. तशाच एका यंत्रावर त्यांचा हात बसला होता. त्या यंत्रात प्रत्येक कळ लोखंडी दांडीला जोडलेली असे. तिचे काम बदलणे टंकलेखकाच्या हाती नसे. पुढे दुखापतीमुळे त्यांच्या डाव्या हाताची बोटे आखडली आणि दोन कळा एकदम दाबणे त्यांना कष्टाचे होऊ लागले.

संगणकाची कळ दांडीला बांधलेली नसते. कोणत्या कळीने कोणते काम करायचे, याची नोंद संगणकात असते आणि ती बदलता येते. हे समजताच त्यांना फार आनंद झाला. त्यांनी वरच्या ओळीतील एफ-चार ही कळ छपाईसाठी नेमली. आता एक बोट टेकवले, की कागद छापून बाहेर!

दुसऱ्या दिवशी त्यांची तरुण सहकारी कामाला बसली. एफ-चार दाबली की नुकतीच केलेली कृती पुन्हा होते, ही तिची सवय. तिने ती कळ तीनदा दाबली. त्याबरोबर बारा पानांचा अपुरा अर्ज तीनदा छापून निघाला आणि खोलीतील कागद संपले. नवे कागद येईपर्यंत कचेरी बंद झाली. काटोलहून आलेल्या वृद्ध पक्षकाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले.

“काका, कळ बदललीत, पण मला सांगितले नाही!” ती म्हणाली.

“चूक माझीच, बाई,” ते म्हणाले. “मी माझ्या हाताचा विचार केला, तुमच्या हाताचा केला नाही.”

मग दोघांनी ती यादी पुन्हा उघडली. नवी कळ नेमताना ती आधी कोणत्या कामाला दिलेली आहे, हे तेथेच खाली लिहून येते. आदल्या दिवशी काकांनी ती ओळ वाचलीच नव्हती. एफ-चारला तिचे मूळ काम परत मिळाले. छपाईसाठी दोघांच्याही वापरात नसलेली एक कळ त्यांनी निवडली. तिचे नाव आणि काम एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली.

साधन हाताला सोयीचे करून घेण्यात गैर काही नाही; काकांचे बोट त्यामुळेच कष्टातून सुटले. मात्र ज्या वाटेवरून दुसराही चालतो, ती वळवण्यापूर्वी त्याला विचारावे. काटोलच्या त्या पक्षकाराचा अर्ज दुसऱ्या दिवशी वेळेत दाखल झाला. तो छापताना दोघांनीही आधी चिठ्ठीकडे पाहिले होते.