साथ

मोठ्या माणसाच्या पत्नीविषयी बोलायची वेळ आली की आपल्याकडे एक वाक्य तयारच असते. ‘त्यांनी पतीला मोलाची साथ दिली!’ एवढे म्हटले की वक्ता मोकळा होतो आणि मान डोलावून श्रोतेही मोकळे होतात. ही साथ म्हणजे नेमके काय, ती किती वर्षे दिली, तिच्यापायी काय काय सोसावे लागले, हे कुणी विचारीत नाही. मैफलीतल्या तबलजीच्या वाट्याला याहून अधिक दाद येते.

आमचे गाव नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला. १९७० साली हे अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगावासह व्याघ्र प्रकल्प झाला. वाघांची गणती होते, गव्यांची होते, पाखरांचीसुद्धा होते. या साऱ्या मोजदादीत राहून मला मोजण्याची खोड लागली आहे म्हणा, किंवा शाळेत मुली प्रश्न विचारतात म्हणून म्हणा, पण ते ‘साथी’चे वाक्य मला अलीकडे पुरेनासे झाले आहे.

परदेशात राष्ट्रप्रमुखाच्या पत्नीला ‘पहिली महिला’ म्हणतात. आपल्या राज्यात शिष्टाचाराने तो मान राज्यपालांच्या पत्नीचा. पण १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले तेव्हाच्या पहिल्या बाई म्हणून माझ्या मनात नाव येते ते वेणूताई चव्हाणांचे. यशवंतरावांचा धडा शिकवताना मी त्यांचे नाव घेतले, आणि सवयीने तेच वाक्य फळ्यापुढे उभी राहून म्हणाले. मागच्या बाकावरून एका मुलीने झाडीपट्टीच्या ठसक्यात विचारले, “मंग तिनं का केलन, बाई?”

मग मी पुस्तक मिटले आणि गोष्ट सांगितली.

लग्न झाले २ जून १९४२ रोजी, कराडला. फलटणच्या मोऱ्यांची ही मुलगी सासरी आली आणि दोन महिने जेमतेम उलटतात तोच ‘चले जाव’चा वणवा पेटला. नवरा भूमिगत झाला. १९४३ ची संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत! काळी चंद्रकळा नेसायची, हलव्याचे दागिने घालायचे, हळदीकुंकू करायचे, असा नव्या नवरीच्या कौतुकाचा तो दिवस. त्या दिवशी वेणूताईंच्या दारात पोलीस आले. नवरा सापडत नाही, तर बायकोला धरा, असा तो न्याय. सुमारे सहा आठवडे त्या कोठडीत होत्या. प्रकृतीने धसका घेतला. पुढे त्या माहेरी आजारी आहेत असे कळल्यावर यशवंतराव जीव धोक्यात घालून फलटणला भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले.

वेणूताईंनी सभा गाजवली नव्हती, तारा तोडल्या नव्हत्या. पण या बाईला धरले तर तो माणूस हलेल, एवढे इंग्रज सरकारला बरोबर कळले होते. जे सरकारला कळले ते आपल्या वक्त्यांना अजून कळत नाही, ही मौज आहे!

पुढे मुंबई आली, मुख्यमंत्र्यांचे घर आले, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत दिल्ली आली. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती बदलत गेली. ज्याच्याकडे माणसे येतात ते घर सांभाळणारी बाई तीच राहिली. परदेश दौऱ्यांवरून यशवंतराव त्यांना पत्रे लिहीत. ती पुढे ‘विदेश दर्शन’ या नावाने प्रसिद्ध झाली. देशोदेशीचे पुढारी आणि राजकारण तो मनुष्य आपल्या पत्नीला उलगडून सांगतो. जिच्या समजुतीवर भरवसा नाही तिला कुणी अशी पत्रे लिहील काय?

योगायोग असा की त्याच नोव्हेंबरच्या ७ तारखेला तिकडे अमेरिकेत एलिनॉर रूझवेल्ट वारल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद भूषवले, आणि १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हे त्यांच्या कष्टांचे फळ. त्यांच्या कामाची यादी करता येते. वेणूताईंची करता येत नाही. म्हणून एकीला थोर आणि दुसरीला नुसती सोशिक ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे.

मात्र इथे एक धोकाही आहे. पडद्यामागे राहण्याचे फार गोडवे गायले की ‘बाईने मागेच राहावे’ असा सोयीस्कर अर्थ काढणारे टपलेलेच असतात. चैत्रात आमच्याकडच्या बाया झुंजुमुंजू व्हायच्या आत मोहफुले वेचायला जंगलात शिरतात. अस्वलाची भीती, वाघाची भीती. फुले विकून वह्यापुस्तके येतात, पण घरात कमावता कोण असे विचारले तर बोट बापाकडे जाते. म्हणून मी मुलींना ‘थोर स्त्री’ हा निबंध न देता ‘आईचा एक दिवस’ लिहायला सांगितले, तोही घड्याळाच्या तासांसकट. वह्या तपासताना माझी तांबडी शाई कितीतरी पाने तशीच पुढे गेली. एका मुलीने शेवटी लिहिले होते, ‘आई कधी झोपते ते मला माहीत नाही, कारण मी आधी झोपते.’

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाला एक्केचाळीस वर्षे पुरी व्हायची होती. यशवंतरावांनी कराडला त्यांच्या नावाने स्मारक उभे केले, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी तेही गेले. त्यांनी जन्मभर जमवलेली पुस्तके आज त्या स्मारकात आहेत. जिचे नाव आयुष्यभर त्यांच्या नावामागून घेतले गेले, तिच्या छपराखाली त्यांचा ग्रंथसंग्रह सुखाने नांदतो आहे. कुणीही यावे, बसावे, वाचावे.

वाचकहो, दिवाळीचा फराळ पुढ्यात घेऊन आपण हा अंक वाचत असाल. चकली खुसखुशीत झाली असेल, तर ती कुणी केली, आणि त्यासाठी ती किती वाजता उठली, एवढे तिलाच हाक मारून विचारा. जमल्यास लिहूनही ठेवा.