दादाचं घड्याळ

परवा भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला द्यायला महाडच्या बाजारात गेलो होतो. दुकानात काचेखाली एचएमटीचं 'जनता' दिसलं आणि पाय तिथेच थबकले. पांढरी तबकडी, रोज चावी द्यायची, सतरा ज्वेलचं मशीन. किंमत २,००० रुपये.

१९७३ साली मी बी.ए. झालो, तेव्हा दादाने आपल्या मनगटावरचं असंच घड्याळ काढून मला दिलं होतं. माझी सगळी नोकरी त्याच्यावर झाली. २२ जुलै २०२१ ला महाडात पुराचं पाणी शिरलं तेव्हा ते कपाटाच्या खालच्या खणात होतं. चौथ्या दिवशी चिखलात हाताला लागलं. ही म्हणाली, "दाखवून तरी बघा." मी ढिगावर फेकून दिलं. त्या दिवशी सगळंच फेकत होतो...

दादा पोलादपूरला असतो. वय पंच्याऐंशी. मधूनमधून विचारतो, "घड्याळ चालतंय ना रे?" मी आपला "हो" म्हणतो.

तर माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला कळलंच असेल.

घड्याळवाला सरळ माणूस. मागचं झाकण उघडून भिंगच माझ्या हातात दिलं. चावीच्या दांडीला गंज, बॅलन्स अडखळतोय. "आणि सर, तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. अक्षरं जाड आहेत, मिनिटांच्या रेघा सरकल्यात. केस एवढी झिजलेली आणि तबकडी कोरी करकरीत, असं होतं का?"

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं करायला सुरुवात केली. ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता भाग हवे तर बहुधा जुन्याच घड्याळातून काढायचे. म्हणजे बॅलन्स तिसऱ्याच कुणाचा!

मी भीतभीत विचारलं, पुरात भिजलेलं वाचतं का?

"लगेच उघडून वाळवलं, साफ केलं तर वाचतं. चार दिवस म्हणजे कठीण. पण केस तरी राहिली असती."

रात्री झोप लागेना. पैशांचा प्रश्न नव्हता. दादाने ते घड्याळ हातात घेतलं असतं, कानाला लावलं असतं. त्याने ओळखलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं, आणि ओळखलं असतं तर त्याला.

दुसऱ्या दिवशी एसटीने रिकाम्या हातांनी पोलादपूरला गेलो. चहा झाल्यावर सांगून टाकलं. दादा बराच वेळ अंगणाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मुंबईला गोदीत ओव्हरटाइम करून घेतलं होतं." एवढंच. मी मान खाली घातली.

थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "दुकानातलं केवढ्याला म्हणालास?"

"दोन हजार."

"तबकडी रंगवलेली, बॅलन्स गेलेला, आणि दोन हजार? बाराशेच्या वर देऊ नकोस. आणि मला घेतल्याशिवाय जाऊ नकोस. तुला घासाघीस कधी जमली?"

सोमवारी जाणार आहोत. घेऊच असं नाही. घेतलं तर दुसरं घड्याळ म्हणून घेऊ, दादाचं म्हणून नाही.

असो. तुमच्या घरी एखादं घड्याळ भिजलं तर त्याला चावी देऊ नका, फेकू तर नकाच. त्याच दिवशी दाखवा.